साल काढल्यावरही जगणारा मुतुबा

प्रश्न – मांडवीकर, वडोदरा

आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब राहते. इदी अमीनने १९७२ साली आशियाई लोकांना युगांडा सोडायला लावले, तेव्हा ते कंपालाहून वडोदऱ्यास आले. त्या घरातील बांनी परवा पेटीतून एक विटकरी रंगाचे कापड काढून दाखवले. त्याला उभे-आडवे धागे नाहीत. हाताला ते मऊ चामड्यासारखे लागते आणि उजेडात धरले की आतले तंतू वेडेवाकडे पसरलेले दिसतात. हे मुतुबा नावाच्या झाडाच्या सालीचे कापड असून ते झाड आपल्या वडाच्याच कुळातले आहे, असे बा सांगतात. खोडाची साल सभोवार काढली की झाड वाळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मग हे झाड वाढते कसे आणि साल काढूनही जगते कसे? वडाच्या सालीचे असे कापड होईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक

बांचे म्हणणे बरोबर आहे. मुतुबा म्हणजे फायकस नाटालेन्सिस. वड, पिंपळ आणि उंबर याच फायकस प्रजातीतले. पूर्व आफ्रिकेपासून दक्षिणेला, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रदेशापर्यंत तो आढळतो. रानात त्याची सुरुवात बहुधा दुसऱ्या झाडावर होते: पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी फांदीच्या बेचक्यात रुजते, मुळे खोडावरून उतरत जमिनीला टेकतात आणि कालांतराने आधाराचे झाडच त्यांच्या विळख्यात सापडते. ताडाला वेढून वाढलेला वड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मात्र पारंब्यांचे खांब रोवत मंडपासारखे पसरणे हा वडाचा स्वभाव मुतुब्यात नाही. त्याची पाने चिवट, देठाकडे निमुळती व टोकाशी गोलसर असतात, तर लहान फळे पानांच्या बगलेत धरतात.

बुगांडा या युगांडातील पारंपरिक राज्यातले शेतकरी बियांच्या भरवशावर राहत नाहीत. जाड फांदी तोडून जमिनीत रोवली की ती मुळे धरते. आपण पांगारा किंवा शेवगा लावतो तीच रीत. केळी आणि कॉफीच्या बागांत सावलीसाठी व कुंपणासाठी ही झाडे मुद्दाम राखली जातात.

उत्तर – वस्त्रकलेची विद्यार्थिनी

साल काढण्याबद्दल लिहिते, कारण सारे कौशल्य तिथेच आहे. साल पावसाळ्यात काढतात. आधी वरची खरखरीत साल खरवडतात, मग खोडावर वर आणि खाली गोल चीर व मध्ये एक उभी चीर देऊन आतली साल अलगद सोडवतात. आतील लाकूड शाबूत असल्याने मुळांकडून पानांपर्यंत पाणी चढतच राहते. उघडे पडलेले खोड लगेच केळीच्या पानांनी गुंडाळतात. त्यामुळे वर उरलेला कोवळा थर ओला राहतो आणि त्यातूनच नवी साल धरते. पहिल्या खेपेची साल राठ असते, पुढची अधिक तलम निघते आणि एकच झाड वर्षानुवर्षे साल देते. काढलेली साल मऊ करून, ती वाळू नये म्हणून छपराखाली, खाचा पाडलेल्या लाकडी मोगऱ्यांनी ठोकत जातात, तशी ती रुंद होत जाते. विटकरी रंग उन्हात वाळवताना येतो. राजा आणि सरदार यांच्यासाठी मात्र पांढरे किंवा काळे कापड रंगवत असत.

हे काम परंपरेने बुगांडातील न्गोंगे कुळाकडे आहे. अरब व्यापाऱ्यांनी सुती कापड आणल्यावर त्याला उतरती कळा लागली, तरी राज्यारोहण आणि अंत्यविधी यांसाठी हे कापड आजही लागते. युनेस्कोने २००५ साली या कलेचा गौरव केला आणि २००८ साली तिचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. बांनी ते कापड इतकी वर्षे सांभाळले, याचे मला फार अप्रूप वाटते.

उत्तर – निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक

वडाबद्दल राहिले. वडाच्या सालीचे व पारंब्यांचे तंतू आपल्याकडे दोरासाठी वापरत, आणि वैद्यांच्या पंचवल्कलात वड, उंबर, पिंपळ, पायर व पारोसा पिंपळ यांच्या साली जखमा धुण्याच्या काढ्यासाठी येतात. त्यासाठी सालीचे थोडे तुकडे पुरतात. कापडाच्या प्रयोगासाठी मात्र रस्त्याकडेच्या वडाची साल सभोवार कोणीही सोलू नये. वटपौर्णिमेला फांद्या तोडून आपण त्या झाडांना पुरेसे ओरबाडतोच.