देवांची टिंगल? मला नाही वाटत

पर्सी जॅक्सन या मुलाच्या, ग्रीक देव आजच्या अमेरिकेत आणणाऱ्या पुस्तकांवरून इथे दोन तट पडलेत. एकांच्या मते त्यांचा अमेरिकन लेखक रिक रायर्डन देवांची टिंगल करतो, दुसऱ्यांच्या मते पर्सी जॅक्सननंतरचं सगळं म्हणजे पाणी घातलेलं ताक.

पहिलं अजिबात पटत नाही. या गोष्टीत ग्रीक देवांचं घर ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६००व्या मजल्यावर आहे, हे वाचून आमच्या वेंगुर्ल्यात कोण दचकणार? दशावतार या आमच्या देवळातल्या लोकनाट्यात सुरुवातीलाच संकासुर राक्षस हसवून हसवून लोळवतो, आणि त्याच देवळात आम्ही हात जोडून गाऱ्हाणंही घालतो. देवाशी सलगी म्हणजे टिंगल नव्हे.

दुसरं अर्धं पटतं. २००५ ते २००९ची पहिली पाच पुस्तकं पर्सी स्वतः सांगतो, सगळी गंमत त्या आवाजात आहे. २०१०पासूनच्या 'हिरोज ऑफ ऑलिंपस' या पुढच्या मालिकेत निवेदन तृतीयपुरुषी झालं, पात्रांची जत्रा भरली, नि मी तिसऱ्या भागात रुतलो. भाचीने मात्र पाचही भाग संपवले, तेही पावसात, लाईट गेलेली असताना मेणबत्तीवर!

तिला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरं जुळवायची अडचण, आहे. पर्सीलाही आहे, आणि रायर्डनने ही गोष्ट मुळात तशीच अडचण असलेल्या आपल्या मुलाला झोपताना सांगायला रचली होती. 'भाषा फारच सोपी' म्हणणाऱ्यांनो, तिने त्याआधी एकही जाड पुस्तक पुरं केलं नव्हतं.