ग्रँड ज्युरीने पोलिसाला 'निर्दोष सोडलं' की आणखी काही?

ओवीवाली
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका सभासदाच्या इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. लेख २०१४ सालच्या फर्ग्युसनवर आहे. (अमेरिकेतल्या सेंट लुईसजवळचं गाव. पुण्याच्या कॉलेजशी संबंध नाही, हे आतापर्यंत तिघांना सांगून झालं.) ९ ऑगस्टला मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा पोलिसाच्या गोळ्यांनी मेला आणि २४ नोव्हेंबरच्या रात्री ग्रँड ज्युरीचा निर्णय जाहीर झाला. मी लिहिलं, 'ग्रँड ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडले.' भाचा इथे वकिली शिकतो. तो म्हणाला, "मावशी, खटलाच चालला नाही, तर निर्दोष कुठून आणलास?"
मग 'इंडाइट'ला (म्हणजे ग्रँड ज्युरीने आरोप ठेवण्याला) काय म्हणायचं? एका कोशात 'अभ्यारोप' सापडला. नवऱ्याला वाटलं अभ्यास न करण्याचा आरोप. आणि ग्रँड ज्युरीला 'महापंचमंडळ' चालेल का? पुढे 'दंगल' लिहिलंय, त्याखालीही भाच्याने लाल रेघ मारली आहे, पण ते नंतर.

तालुका_कोर्ट
भाच्याचं बरोबर आहे. ग्रँड ज्युरी दोषी की निर्दोष हे ठरवतच नाही. खटला चालवण्याइतपत पुरावा आहे का, एवढंच बघते. आपल्याकडे निकालानंतर सुटला तर 'निर्दोष मुक्तता', आणि आरोप निश्चित व्हायच्या आधीच सुटला तर 'दोषमुक्त'. वर्तमानपत्रं दोन्ही शब्द एकाच हंड्यात ढवळतात, ते सोडा. पण इथे 'दोषमुक्त'ही नको, कारण ते न्यायाधीश करतो, आणि या खोलीत न्यायाधीश बसलेलाच नसतो.
'खटला भरण्यास ग्रँड ज्युरीचा नकार' असं लिहा. हाय काय अन् नाय काय.

शुद्धमती
'महापंचमंडळ' उत्तम आहे. इतका सरळ शब्द हाताशी असताना 'ग्रँड ज्युरी' कशाला? 'अभ्यारोप'ही आठ दिवस वापरला की रुळेल. 'महापौर' शब्दालाही लोक आधी हसलेच होते.

चाळकरी
महामोर्चा, महाआघाडी, महासेल, आणि आता महापंच. ताई, तिथला 'ग्रँड' म्हणजे थोर नव्हे हो, नुसता आकाराने मोठा. खटला ऐकणारी ती लहान ज्युरी, बारा जणांची. संघराज्याच्या कोर्टात ग्रँड ज्युरीवर १६ ते २३ माणसं असतात. 'मोठी ज्युरी' म्हणा फार तर.
गंमत म्हणजे फर्ग्युसनच्या वेळची मोठी ज्युरीसुद्धा बाराच जणांची होती. मिसुरीत तेवढीच असते आणि आरोप ठेवायला त्यातल्या नऊ जणांचं एकमत लागतं. म्हणजे 'मोठी'ही बोंबललं.

शुद्धमती
मग 'पंच' तरी घ्या. पाचामुखी परमेश्वर आपणच म्हणतो ना?

तालुका_कोर्ट
पाचामुखी परमेश्वर खरा, पण पंच दोन्ही बाजू ऐकतो. ग्रँड ज्युरीपुढे सरकारी वकील एकटाच बोलतो आणि दार बंद असतं. आरोपीचा वकील आत नसतो. म्हणून न्यूयॉर्कचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश सॉल वॉक्टलर १९८५ साली म्हणाले होते की सरकारी वकिलाने मनावर घेतलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरसुद्धा आरोप ठेवेल.
फर्ग्युसनचा राग इथूनच समजतो. सरकारी वकील रॉबर्ट मकलॉक यांनी अमुक आरोप ठेवा अशी शिफारसच केली नाही. साठ साक्षीदार, सत्तरेक तास साक्षी, सगळं ज्युरीपुढे ओतलं आणि तुम्हीच काय ते ठरवा म्हणाले. गोळी झाडणारा पोलीस स्वतः चारेक तास बोलला. एरवी सँडविच आत जातं, नेमकं याच वेळी का नाही गेलं, असं लोक विचारत होते. उलट बाजूचे म्हणत, सगळा पुरावा दाखवला यात वाईट काय? 'पंच' लिहिलंत तर यातलं काहीच वाचकाला कळणार नाही, निवाडा झाला असंच वाटेल.
शिवाय आपल्याकडे पंच म्हटला की पंचनाम्यावर सही करणारा पानवाला डोळ्यांपुढे येतो.

नाना_चौक
ज्युरी हा काही आपल्याला परका शब्द नाही. टिळकांना १९०८ साली ज्युरीनेच सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. नानावटीला १९५९ मध्ये ज्युरीनेच आठ विरुद्ध एकने सोडलं, पुढे हायकोर्टाने तो निकाल फिरवला.
आणि ग्रँड ज्युरी तर खुद्द मुंबईत होती! भारतीय माणसांना तीत बसायची परवानगी १८३२ च्या कायद्याने मिळाली. जगन्नाथ शंकरशेटांच्या चरित्रात हा विषय येतो. तेव्हा मुंबईकरांनी 'ग्रँड ज्युरी' असंच म्हटलं असेल, तर आता संस्कृत मुंडावळ्या बांधायचं कारण काय? इंग्लंडने स्वतः ती १९३३ साली जवळजवळ मोडीत काढली. अमेरिकेने तेवढी पाचव्या घटनादुरुस्तीत जपून ठेवली आहे.

चाळकरी
जुन्या इंग्लंडात ग्रँड ज्युरीला आरोप पटला नाही की कागदाच्या पाठीवर 'इग्नोरामस' लिहीत. म्हणजे 'आम्हांस ठाऊक नाही'. त्यावरूनच पुढे अडाणी माणसाला इग्नोरामस म्हणू लागले. आपल्या पोलिसांची 'सी समरी' (तपास बंद करायचा अहवाल) त्याच्या जवळ जाते का हो वकीलसाहेब? खरंही नाही, खोटंही नाही.

तालुका_कोर्ट
जवळ जाते, पण ती पोलीस मागतात आणि मॅजिस्ट्रेट मंजूर करतो. तरी तुलना आवडली. 'फर्ग्युसनमध्ये सी समरी' हा मथळा मी वाचला असता.

ओवीवाली
'खटला भरण्यास नकार' घेतेय. पण खटला ज्युरी भरते की सरकारी वकील? भाचा आता त्यावर अडलाय.

मिसुरीकर
वाद चालू द्या, मला 'दंगल'बद्दल बोलायचंय. मी तेव्हा सेंट लुईसच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहत होतो. ऑगस्टमध्ये दिवसा वेस्ट फ्लोरिसंट रस्त्यावर लोक हात वर करून चालत होते. बायका होत्या, पाद्री होते, कडेवर पोरं होती. १० ऑगस्टच्या रात्री क्विकट्रिपचा पेट्रोलपंप जळला. पुढे संचारबंदी, मग नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव लष्कर), आणि गावातल्या शाळा उशिरा उघडल्या. निर्णयाच्या रात्री डझनभर इमारती पेटल्या. आईचा सांगलीहून फोन, "तुमच्याकडे दंगल आहे म्हणे." मी म्हटलं, रस्ता एक आहे, माणसं दोन प्रकारची आहेत. दिवसाच्या लोकांना 'दंगलखोर' म्हणणं मला जमणार नाही, आणि रात्रीच्या आगीला 'निदर्शने' म्हणणंही जमणार नाही.
आणि ते हात वर करणं. मार्च २०१५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याचे दोन अहवाल एकाच दिवशी आले. एकात लिहिलं होतं की ब्राउनला हात वर करून शरण येताना गोळी घातली, याला विश्वासार्ह साक्षीपुरावा नाही, आणि पोलिसावर खटला नाही. दुसऱ्यात त्या गावच्या पोलिसांचे वाभाडे: वस्तीत काळे ६७ टक्के, अटकेत ९३ टक्के, आणि दंडवसुलीवर नगरपालिकेचा डोळा. माझ्या ऑफिसात प्रत्येक जण आपल्या सोयीचा अहवाल वाचायचा.

शुद्धमती
मग 'जनक्षोभ' लिहा. सुंदर शब्द आहे.

चाळकरी
जनक्षोभ भाषणात असतो, रस्त्यावर राडा असतो.

नाना_चौक
या सगळ्या शब्दांची कुळं बघा. 'दंगा' पोरं करतात, 'दंगल' मोठी माणसं. तीच दंगल हिंदीत आणि आमच्या कोल्हापूरकडे कुस्त्यांची, तिकीट काढून बघायची. 'गोंधळ' देवीचा. 'मोर्चा' मुळात तोफांचा, 'मोर्चेबांधणी'त अजून तसाच आहे. आणि 'आंदोलन' म्हणजे झुलणं! पाळण्याचं आंदोलन. कुठला शब्द निर्मळ राहिलाय?

मिसुरीकर
तुम्ही मूळ शोधताय, मी म्हणतोय बातमी लिहिणारा कुठला शब्द निवडतो ते बघा. 'पोलिसांच्या गोळीबारात तरुण ठार.' यात गोळी कोणी घातली? गोळीबाराने. पाऊस पडावा तसा गोळीबार पडला. दगड मात्र नेहमी 'जमावाने' फेकलेला असतो. कर्ता तिथे बरोबर सापडतो.

तालुका_कोर्ट
खटला चालेपर्यंत कर्ता लिहायला वार्ताहर घाबरतो. त्यात वाईट नाही.

मिसुरीकर
जमावावर खटला चाललेला असतो का?

ओवीवाली
भांडू नका, अंक छापायला गेला. 'ग्रँड ज्युरी' तसंच ठेवलं. 'पोलिसावर आरोप ठेवण्यास नकार' केलं, भाचा खूश. 'दंगल' काढून मिसुरीकरांच्या सांगण्याप्रमाणे दिवसा निदर्शने, रात्री जाळपोळ असं वेगवेगळं लिहिलं. पण संपादकांनी शेवटच्या हातात वाक्य बदललं: 'शांततापूर्ण आंदोलनाला रात्री गालबोट लागले.'

नाना_चौक
अहो, गालबोट दृष्ट लागू नये म्हणून लावतात! ते लागलं तर आंदोलन सुखरूप राहायला हवं!

शुद्धमती
शंभर टक्के चूक. वर्तमानपत्रांनी या शब्दाचं वाटोळं केलं.

चाळकरी
काळा डाग तो काळा डाग. गोऱ्या गालावर दिसला म्हणून अर्थ फिरला. रुळलाय आता, काय करणार?

मिसुरीकर
फर्ग्युसनच्या बातमीत 'काळा डाग' आणि 'गोरा गाल'? जरा जपून.

चाळकरी
अरे देवा. ते तसं नव्हतं म्हणायचं.

सांगलीची_सून
आमच्याकडे गालबोट म्हणतच नाहीत, तीट म्हणतात. आणि ती गालावर नाही, कानामागे लावतात. कोणाकडे कुठे लावतात?