बडोद्याच्या मुली, साडेआठची मालिका आणि बाकीचा दिवस

गरनाळ्यापलीकडची

आमच्या घरी रात्री साडेआठला पोळीचा पहिला घास आणि 'तारक मेहता का उल्टा चश्मा'चं शीर्षकगीत एकदमच सुरू होतं. २८ जुलै २००८ला ही मालिका सुरू झाली तेव्हा मी चौथीत होते. आता नोकरीला लागून चार वर्षं झाली. दयाबेन २०१७मध्ये रजेवर गेली ती आलीच नाही, नट्टूकाका वारले, आमचा टीव्ही दोनदा बदलला. बाबांची खुर्ची आणि साडेआठची वेळ तेवढी तीच आहे. खरं सांगायचं तर हल्ली हसू फार येत नाही. पण बंद केली तर आमटी आळणी लागते.

परवा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "तमे मराठी लोको घरे शुं जुओ?" म्हणजे घरी काय बघता, आणि मी गप्पच. काय सांगणार? मराठी घरात, गुजरातेत बसून, गुजराती कुटुंबाची हिंदी मालिका बघतो! त्यात आमच्या वाट्याला आलेला माणूस म्हणजे आत्माराम तुकाराम भिडे. शिकवण्या घेणारा, पैपैचा हिशेब ठेवणारा, मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीचा एकमेव सेक्रेटरी. कॉलेजात सहलीचे पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तीन वर्षं माझं नाव भिडे मास्तर. राग आला नाही. बाबांकडेही अजून भिडेंसारखीच जुनी स्कूटर आहे, ती आधी तिरकी करून मगच किक मारावी लागते, आणि 'आमच्या वेळी' हे दोन शब्द दिवसातून एकदा तरी होतातच. रागावणार कुणावर?

बाकी दिवस साधा. दांडिया बाजारातून अॅक्टिव्हा काढायची, स्टेशनजवळच्या गरनाळ्याखालून, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यातून, अलकापुरी गाठायची, संध्याकाळी परत. पावसाळ्यात गरनाळं भरलं की साहेबांचा मेसेज यायच्या आत आम्हीच ठरवतो की आज पोचता येणार नाही. शनिवारी मात्र मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत असते. सयाजीरावांनी १९१०मध्ये सुरू केलेली. लोखंडी कपाटं आणि काचेची जमीन. वर कुणी चाललं की खाली सावली सरकते. मराठीच्या कपाटापाशी बहुतेक वेळा मी आणि एक आजोबा, दोघंच. आजवर एकमेकांशी बोललेलो नाही, पण मी न्यायला आलेलं पुस्तक आधी त्यांनी नेलेलं असतं.

तर बडोद्यातल्या मैत्रिणींनो, तुमचं काय? दिवस कसा जातो, हाताला काय छंद आहे, आणि जेवताना कुठली हसायची मालिका लागते? मोठं लिहा, छोटं लिहा, कसंही चालेल. किंवा आपल्याकडे म्हणतात तसं, 'फावेल तसं'.

मंजलपूरची सून

'फावेल' वाचून हसले. मी पुण्याची, लग्न होऊन इथे येऊन दोन वर्षं झाली. पुण्यात 'त्याचं फावलं' म्हणजे गैरफायदा घेतला. इथे सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुला आमच्याकडे फावतंय ना?" म्हणजे जमतंय ना, हे मला काय माहीत! मी रात्री आईला फोन करून रडले.

हे तर काहीच नाही. शेजारच्या बेन रोज दुपारी दारातून विचारायच्या, "नवरी थई?" मला वाटायचं, नवी नवरी म्हणून कौतुकाने चिडवतायत. मी लाजून आत पळायची. महिनाभराने नवऱ्याला सांगितलं तर तो जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी! त्या बिचाऱ्या विचारत होत्या, कामं आटोपली का, गप्पा मारायला येऊ का. आणि मी महिनाभर त्यांच्या तोंडावर दार लावत होते. आता त्यांच्याकडूनच हांडवो शिकतेय. सासूबाई खिडकीला बारी म्हणतात, दाण्यांना शिंग म्हणतात, आणि वर माझं मराठी 'पेपरातलं' आहे म्हणतात. पाच पिढ्या इथे राहिलेलं मराठी आहे ते. मी आता वाद घालत नाही. परवा आईशी बोलताना माझ्याच तोंडून 'बारी लाव गं' निघालं.

माझी मालिका 'साराभाई व्हर्सेस साराभाई'. २००४मध्ये लागायची तेव्हा मी फार लहान होते, नंतर मोबाईलवर पाहिली. लग्नाआधी हसायला बघायचे, आता अभ्यास म्हणून बघते. त्यातली सासू माया साराभाई प्रत्येक गोष्टीला 'मिडल क्लास' म्हणते ना, आमच्या घरी तो शब्द 'पुणेरी' आहे. चहा अर्धा कप दिला की पुणेरी. पाहुण्यांना 'जेवून आलात की जायचंय?' विचारलं की पुणेरी. २०२५च्या ऑक्टोबरात सतीश शाह गेले त्या रात्री आम्ही दोघांनी त्यांच्या इंद्रवदनचे, म्हणजे मायाच्या नवऱ्याचे, चार भाग ओळीने पाहिले. सासूबाईही येऊन बसल्या. मायाने सून मोनिशाला टोमणा मारला की त्या खुश, इंद्रवदनने मायाला टोला हाणला की मी खुश.

एक गंमत: त्या अस्सल गुजराती घरातला मुलगा साहिल म्हणजे आपला सुमीत राघवन. त्याला कफ परेड जमलं, मला मंजलपूर जमायला काय हरकत आहे?

अप-डाऊनवाली

मंजलपूरच्या सूनबाई, तुमच्या गमतीला जोडी देते. त्याच 'साराभाई'चे दिग्दर्शक देवेन भोजानी. गुजराती माणूस. २०१९मध्ये 'भाखरवडी' नावाची मालिका आली होती, पुण्यातली, गोखले विरुद्ध ठक्कर. त्यात कडक अण्णा गोखले कोण झालं होतं? भोजानीच. म्हणजे मराठी नाटकांतला नट साराभाई झाला आणि गुजराती माणूस गोखले. फिट्टंफाट.

मी रोज बडोदा ते आणंद अप-डाऊन करते, पस्तीसेक किलोमीटर. आमच्या डब्यात पासवाल्या बायकांचं राज्य असतं. कुणी वाटाणे सोलतं, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी पोरांचा प्रोजेक्ट चिकटवतं. मी क्रोशा विणते. दोन वर्षांत अकरा तोरणं आणि एक टेबलक्लॉथ, सगळं रुळांवर झालंय. गाडी थांबली की टाका चुकतो, चालू असली की नाही. घरी सोफ्यावर बसून विणायला घेतलं तर चक्क जमत नाही.

'भाखरवडी' लागायची तेव्हा आदल्या रात्रीचा भाग आम्ही सकाळी एका मोबाईलवर, चौघींत दोन इअरफोन वाटून बघायचो. आणि मग भांडण: भाकरवडी मुळात कुणाची? मी एकटी मराठी, समोर अकरा जणी. त्यांचं म्हणणं, बडोद्याचीच, बाहेरगावचा पाहुणा जाताना नेतो ती आपलीच. मी पुण्याची बाजू लढवायची, पुणं आयुष्यात दोनदा पाहिलेलं असताना. मालिका २०२०मध्ये संपली. भांडण चालू आहे. दिवाळीत पुण्याची पाकिटं मागवून डब्यात वाटली, तर निकाल असा लागला की "सारी छे, पण जरा कडक छे, तमारा गोखले जेवी."

कुंचला

मी फाइन आर्ट्सला आहे, मूळची जळगावची. वाईट वाटून घेऊ नका, पण मला 'तारक मेहता' सोसत नाही. एक भांडण पाच दिवस चालतं. आणि भिडेंच्या बायको माधवीताई इतक्या हुशार दाखवल्यात, तर सतरा-अठरा वर्षं नुसत्या लोणची-पापडच का करतात? पुरुषांना दुकानं, ऑफिसं, अब्दुलच्या दुकानातला सोडा, बायका गॅलरीत.

माझ्याकडे टीव्हीच नाही. मी बघते ती माणसं. सेव-उसळीच्या गाडीजवळ वही घेऊन बसते. उसळीवर तर्री वाढताना माणसाचा चेहरा कसा गंभीर होतो ते कधी नीट पाहा! मंगळ बाजारात नवरात्रीआधी चनिया-चोळीचा भाव करणाऱ्या मायलेकींची सव्वीस चित्रं झाली आहेत. त्यातल्या एका आईने मला पकडलं आणि म्हणाली, "नाक मोटुं कर्युं." खरंच मोठं झालं होतं. तिथेच बसून लहान केलं.

गरनाळ्यापलीकडची

कुंचला, बायका गॅलरीत हे अगदी मान्य. पण पापडाला नावं ठेवायची नाहीत हं. माझ्या आत्याने नवापुऱ्यात पापड लाटून दोन मुलांना इंजिनिअर केलं. आणि ही सगळी मंडळी मूळची तारक मेहतांच्या 'चित्रलेखा'तल्या स्तंभातली, १९७१पासूनची. शेजारच्या काकांकडे कात्रणं आहेत. मालिका लागली की ते भिंतीपलीकडून ओरडतात, "आवुं नहोतुं!" असं नव्हतंच म्हणे. तरी बघतात रोज.

रात्रपाळी

नर्स आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. छंद: झोप.

पहाटे चारला वॉर्ड शांत असला तर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. आवाज बंद, कारण हसू आवरत नाही. नम्रता संभेरावची लॉली आवाजाशिवायही तितकीच हसवते, करून बघा. एकदा मी तोंडावर रुमाल धरून हसत होते आणि खाटेवरच्या आजींना वाटलं मी रडतेय. पाणी द्यायला उठत होत्या, सलाईन लावलेल्या हाताने. मग त्यांनाही दाखवलं. त्या धुळ्याकडच्या निघाल्या. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना सोडून मला विचारलं, "बेटा, ते कुठल्या च्यानलवर लागतं?"

फिरकीवाली

नाव मुद्दाम घेतलंय. आमच्या गच्चीवर उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग भाऊ उडवणार, फिरकी बहीण धरणार, हा कायदा. चौदा वर्षं फिरकी धरली. मांजा सोड म्हटलं की सोड, 'लपेट' म्हटलं की लपेट, आणि 'काप्यो छे!'ची आरोळी त्याची. तीन वर्षांपूर्वी त्याचं बोट कापलं, त्याला टाके पडले आणि दोर माझ्या हातात आला. आता बोटांना पट्ट्या गुंडाळून सकाळी सहाला मीच पहिली वर असते. वारा कुठला आहे ते बघायचं, कन्नी बांधायची, ढील द्यायची की खेच मारायची ते क्षणात ठरवायचं... ऑफिसात असा निर्णय घ्यायला मला तीन मीटिंगा लागतात. दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, वासी उत्तरायण, तेव्हा भाऊ फिरकी धरतो. तक्रार करतो की पाय दुखतात.

मालिका जी लागेल ती. दोन दिवस गच्चीवर उंधियू-जलेबी आणि शेजाऱ्यांचे स्पीकर, एवढं मनोरंजन पुरतं.

मुलीची आई

मी मुलगी नाही, मुलीची आई. तरी लिहिते. माझं लग्न झालं तेव्हा अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायचं, २००१ची गोष्ट. आमचा केबलवाला अल्फा मराठी द्यायचा नाही. म्हणायचा, चार घरांसाठी कोण लावणार? मग आम्ही चार घरांनी मिळून एकवीस सह्या गोळा केल्या. कशा ते विचारू नका. त्यात दोन सह्या आमच्या दूधवाल्या भरवाडाच्या होत्या. चॅनेल लागलं. पहिल्या भागाला सगळे आमच्याकडे.

त्यात दिलीप प्रभावळकरांचे आबा शेवटी डायरी लिहायचे. ते बघून मीही सुरू केली. आबांसारखं काही सुचेना, म्हणून दुधाचा हिशेब आणि कोण आलं-गेलं लिहिलं. मालिका २००५मध्ये संपली, माझ्या वह्या चालूच आहेत. मुलगी त्या वाचते आणि म्हणते, "आई, १२ मार्चला तू नुसतं 'खंडेराव मार्केट. भेंडी महाग. हसलो.' लिहिलंयस. कशाला हसलात?" मला काही केल्या आठवत नाही.

समावाली

माझं थोडं वेगळं. ऑगस्ट २०२४ची गोष्ट. जन्माष्टमीच्या दिवशी विश्वामित्री नदी चढायला लागली आणि रात्रीत आमच्या खालच्या मजल्यात छातीइतकं पाणी. आम्ही सगळे वर: मी, नवरा, आजेसासूबाई, खालचे भाडेकरू पटेल आणि त्यांची दोन मुलं. लाईट नाही, नेट नाही. मोबाईल फक्त 'बरे आहोत' सांगण्यापुरता चालू करायचा. मागच्या गल्लीत मगर दिसल्याची ओरड झाली, तेव्हापासून मुलं खिडकीला चिकटून. घाबरलेली कमी, मगर आपल्याकडे कधी येणार याची वाट बघणारी जास्त.

मी घरून कपड्यांवर भरतकामाच्या ऑर्डरी घेते. तीन ब्लाऊज खाली राहिले होते, आरशांच्या टिकल्यांसकट. दुसऱ्या दिवशी त्यातला एक जिन्यापाशी तरंगत आला. मी रडायच्या बेतात, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "साडेआठ वाजले. लावा."

काय लावणार? मग त्यांनीच लावलं. भिंतीला टेकून बसल्या आणि 'तारक मेहता'चा एक जुना भाग सांगायला लागल्या. जेठालालच्या दुकानात खोटी ऑर्डर येते तो. जेठालाल मराठीत, बापूजी गुजरातीत, भिडे त्यांच्या स्वतःच्या भावाच्या आवाजात. पटेलांची मुलं गडाबडा लोळत होती. मध्येच थांबून "जाहिरात" म्हणायच्या आणि शेंगदाण्याचे लाडू वाटायच्या. तीन रात्री असा एकच भाग पुरवला.

पाणी उतरलं, चिखल काढला, लाईट आली. पहिला नवा टीव्ही पटेलांनी घेतला. दोनेक महिन्यांनी दुपारी जुने भाग दाखवतात त्यात नेमका तोच लागला. मुलं धावत आजींना घेऊन गेली. सगळे बसलो. शेवट आला तर भलताच! आजींच्या गोष्टीत भिडे स्कूटरवरून येऊन जेठालालला वाचवतात. टीव्हीवर भिडे त्या भागात नव्हतेच.

मुलं आजींकडे बघायला लागली. आजी चष्मा पुसत म्हणाल्या, "बदलला त्यांनी."