कुत्र्याला घेऊन जिओकॅशिंग
जिओकॅशिंग म्हणजे इतरांनी लपवलेले डबे, म्हणजे कॅश, जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. कुणीतरी विचारलंय की आपण कॅश शोधत बसलो की कुत्रा कंटाळत नाही का, तर उलट आहे, आमच्या कुत्रीला तीच वेळ सगळ्यात आवडते. जीपीएस आपल्याला चार-पाच मीटरपर्यंत आणून सोडतं, पुढचं सगळं डोळ्यांनी नि हातांनी, आणि तेवढ्यात ती लांब लीशवर एकेक बुंधा, दगडाची फट हुंगत असते, कधी एखाद्या मुळाशी नाक खुपसलं की हलतच नाही. असं मनसोक्त हुंगू दिलं की घरी येऊन गाढ झोपते. निघण्याआधी जिओकॅशिंगच्या साइटवर त्या कॅशच्या पानावर कुत्र्याचं चिन्ह बघाच, नेता येतं की नाही ते तिथे कळतं. टेरेन रेटिंग, म्हणजे वाट किती अवघड ते, १ ते ५ असतं, मी तिला ३ च्या वर नेत नाही, ५ ला तर खास साधनं लागतात. आणि प्लीज, डब्यात कुत्र्याची बिस्किटं ठेवू नका, खाण्याचं काही ठेवायचं नाही हा नियमच आहे, वासाने जनावरं डबा फोडतात. अजून एक, ट्रॅव्हल बग म्हणजे नंबर असलेला बिल्ला, तो कुत्र्याच्या पट्ट्याला लावा, भेटणारे कॅशर, म्हणजे हा खेळ खेळणारे, त्या नंबरची साइटवर नोंद करतात, ते वाचायला फार भारी वाटतं!