शब्दचर्चा : तारण

प्रश्न
'तारण' म्हटलं की मला सोनेतारण कर्ज आठवतं. पण एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरच्या प्रार्थनेत तिच्या आजी म्हणाल्या, "माझं तारण झालं." त्यांनी मोक्ष किंवा मुक्ती का म्हटलं नाही? अर्थ तोच ना?

प्रतिसाद
शब्द एकच, मुळाशी तरणे-तारणे. तारू म्हणजे गलबत, तरून जाणं म्हणजे पार होणं, आणि 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण तर सगळ्यांच्याच तोंडी असते. कर्ज बुडायला लागलं तर सावकाराला तारणारी वस्तू ती तारण, असा बँकेतल्या शब्दाचा अर्थ लावता येतो.

प्रतिसाद
आमच्या घरात हा शब्द रोजचा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्मच नाही, त्यामुळे तो शब्द नीट बसत नाही. इथे माणूस बुडतोय तो पापात. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, पहिल्याच अध्यायात देवदूत योसेफाला सांगतो, बाळाचं नाव येशू ठेव, कारण तोच आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. इब्री भाषेत त्या नावातच तारण्याचा अर्थ आहे.

मुक्ती हा शब्द मात्र आम्हाला परका नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या कामाला तेच नाव दिलं. बायबलचं मराठी भाषांतर करताना त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेचा ध्यास घेतला होता. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर छापून आलं.

आता आजींच्या वाक्यातलं 'झालं' बघा. आमच्यात 'मी तारण कमावलं' असं कुणी म्हणत नाही. तारण होतं, मिळतं, लाभतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला जक्कय घ्या. यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला, ठेंगणा. गर्दीत येशू दिसेना म्हणून पुढे धावत जाऊन उंबरावर चढला. येशू झाडाखाली थांबला, वर बघून त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला, आज मला तुझ्याच घरी उतरायचंय. लोक कुरकुरले, पापी माणसाकडे पाहुणा गेला म्हणून. जक्कयने मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करायचं कबूल केलं. तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हाक, मग परतफेड. त्याच प्रसंगाच्या शेवटी येशू म्हणतो, मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) हरवलेल्यांना शोधायला आणि तारायला आला आहे. जक्कय देवाला शोधत होता हे खरंच, पण त्याच्याआधी देव त्याला शोधत होता. माझ्या श्रद्धेचा हाच गाभा आहे. 'शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल' हे वचन मी याच भरवशावर वाचतो.

प्रतिसाद
यात एक भर. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये तारणे आणि बरे करणे यांना एकच क्रियापद येतं. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते, तिला मराठी बायबलमध्ये तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. शिमोन नावाच्या परुश्याच्या (कडक नियम पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी आसवांनी येशूचे पाय भिजवणाऱ्या पापी स्त्रीला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. ग्रीकमध्ये दोन्ही वाक्यं सारखीच. मराठीला प्रसंग बघून शब्द निवडावा लागला, आणि दोन्हीकडे तो योग्यच वाटतो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. 'उद्धार' चालेल का?

प्रतिसाद
चालतो ना, ताई. उद्धार म्हणजे खालून वर काढणं, गीतांमध्ये भरपूर येतो. फक्त बोलण्यात 'त्याने माझा उद्धार केला' म्हणजे शिव्या घातल्या असाही अर्थ होतो, म्हणून साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगताना, आमच्याकडची जुनी माणसं 'तारण'च म्हणतात. बँकेतल्या अर्थाशी घोटाळा होत नाही : तिथे तारण ठेवतात, इथे तारण होतं.