मदत हवी आहे : प्रशिक्षणापूर्वीची पातळी आधी विचारावी की नंतर?

नमस्कार. पालकांसाठीच्या संवादकौशल्य प्रशिक्षणाचे मूल्यमापन माझ्याकडे आहे. सहभागी स्वतःच भरतात अशी 1 ते 5 गुणांची प्रश्नावली आम्ही प्रशिक्षणापूर्वी आणि प्रशिक्षणानंतर देतो. ‘मी मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतो’ अशा विधानाला सुरुवातीला बहुतेक जण 4 किंवा 5 गुण देतात. पण ऐकून घेण्यात काय काय येते हे प्रशिक्षणात उमगल्यावर ते स्वतःला अधिक कठोरपणे जोखतात आणि शेवटी 3 लिहितात. माणसाबरोबर त्याची मोजपट्टीही बदललेली असते, आणि कागदावर मात्र घसरण दिसते.

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये याच दोषाचा विचार करताना, प्रशिक्षण संपल्यावर ‘आता’ आणि ‘तेव्हा’ (म्हणजे प्रशिक्षणापूर्वी) या दोन्ही स्थितींचे गुण एकत्र घेण्याची पद्धत तपासली होती. ती मला पटते, तरीही काळजी वाटते. कारण आपण सुधारलो असे मानण्याची, किंवा प्रशिक्षकाला बरे वाटावे म्हणून जुने गुण कमी लिहिण्याची ओढ माणसाला असतेच, आणि स्मरणही त्याच बाजूला झुकते.

पूर्वचाचणी कायम ठेवून शेवटी ‘तेव्हा’चे गुणही घेतले, तर दोहोंतील फरक मोजपट्टी बदलल्याचा की स्मरण झुकल्याचा, हे कसे ओळखावे? तुलनेसाठी दुसरा गट नाही. प्रत्यक्ष निरीक्षण मोजक्या सहभागींपुरतेच शक्य आहे. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती वेळा’ असे वर्तनावरचे प्रश्न विचारल्याने हा दोष कमी होतो का? असे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.