जेम्स स्टुअर्ट: गल्ला वेगळा, नावाजणी वेगळी

हॉलिवूडचा अभिनेता जेम्स स्टुअर्टच्या सर्वोत्तम चित्रपटांची एक यादी आहे, तिच्यात ‘व्हर्टिगो’ पहिला, ‘रिअर विंडो’ थेट पाचवा? गल्ला आणि समीक्षकांची पसंती एकत्र मोजली की असा घोळ होतो. १९५८ मध्ये ‘व्हर्टिगो’चं स्वागत थंडच होतं, २०१२ च्या ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षक-कौलात मात्र त्याने तोवर अव्वल असलेल्या ‘सिटिझन केन’ला मागे टाकलं. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची (१९४६) गंमत आणखी वेगळी. तेव्हा तो फारसा चाललाच नाही. १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्हीवाल्यांना तो जवळपास फुकटात मिळाला आणि दर नाताळात दाखवून दाखवून त्यांनीच तो घराघरात पोचवला. स्टुअर्टला ऑस्कर मात्र ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी, जिथे खरा भाव कॅथरिन हेपबर्न खाऊन जाते! दोन्ही निकषांवर उतरतो तो ‘रिअर विंडो’च. माझ्या यादीत तोच पहिला.